मेंढी कोकरू घेईना

येरमाळ्याच्या थांब्यावर धाराशिवची एसटी येईना, म्हणून मंजुषानं मांडीवर लॅपटॉप उघडला. शेजारी बसलेल्या काळ्या कोटातल्या तरुणाची मान हळूहळू वाकत तिच्या पडद्यापर्यंत आली.

"ती मेंढी कोकराला जवळ का घेत नाहीये?"

"तेच तर शोधायचंय," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. "खेळून बघता? मीच बनवलेला गेम आहे."

पडद्यावर माळरान होतं, धनगराचं पाल होतं, आई मेलेलं एक कोकरू आणि कोकरू मेलेली एक मेंढी. वस्तूंवर टिचकी मारायची, पिशवीत टाकायच्या, योग्य जागी वापरायच्या, आणि कोकराला मेंढीच्या आचळाला लावायचं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दोन वर्षं खपून मंजुषानं त्यात आपलं घरच उतरवलं होतं.

तरुणाचं नाव कृष्णराज. वाशीकडच्या बागायतदाराचा मुलगा, चार महिन्यांपूर्वी सनद मिळालेला वकील, आणि लहानपणापासून असल्या कोड्यांच्या खेळांचा नादी. त्यानं घोंगडी, घंटा, बादली, खडेमीठ सगळं पिशवीत भरलं, मग घोंगडी वापरून पाहिली, घंटा वाजवली, बादली उपडी केली. एसटी आली, दोघं शेजारी बसले, धाराशिव आलं, तरी मेंढी आपली तोंड फिरवूनच.

"हरलात?" तिनं विचारलं.

"हरलो नाही, अडकवलंय तुम्ही. उत्तर सांगू नका हं! पण मला सांगा, खेळात कुठं इशारा दिलाय?"

"इशारा कशाला? आमच्यातलं शेंबडं पोरगं बी सांगंल."

"मग तुमच्यातल्यांपुरताच ठेवा की गेम. पुरावा न दाखवता निकाल दिला, तर आमच्या कोर्टात त्याला अन्याय म्हणतात."

मंजुषाला चांगलंच झोंबलं. कारण प्रोजेक्टचे सरही तेच म्हणाले होते - महिनाअखेरच्या शनिवारी भरणाऱ्या प्रदर्शनात बाहेरच्या एका तरी माणसाला हे कोडं स्वतः सुटलं पाहिजे, नाहीतर काढून टाक. आणि ही मेंढी काढली तर उरलं काय? नुसतं चित्रातलं माळरान. ती काढायची नव्हती, मरेस्तोवर नव्हती.

पुढचे दोन आठवडे सकाळची एसटी मात्र दोघांनाही कधी चुकली नाही.

"कोकराला आंघोळ घालायची?"

"न्हाय."

"मेंढीला लाडीगोडी?"

"ती तुमी कुणाला लावताय ते दिसतंय मला."

तो लाजून खिडकीबाहेर बघायचा. बाहेर हरभऱ्यावर धुकं असायचं, आणि काचेत त्याला तिचंच हसू दिसायचं.

"वाशीच्या बाजारात एखाद्या मेंढपाळाला विचारलं असतं, तर एका मिनिटात सुटलं असतं," ती एकदा म्हणाली.

"दुसऱ्याला विचारून सुटलं, तर ते मला कसं सुटलं?"

काय ती ऐट! आणि ती ऐट आपल्याला इतकी का आवडावी, हे काही मंजुषाला कळेना. रविवारी ती घरच्या मेंढरांच्या वाड्यावर गेली तेव्हा तोंडात वकिलाचंच नाव.

"एवढंसं कोडं, आबा. आन त्येंना कळंना!"

तिचे वडील, सिदूआबा, नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या अंगाला मीठ चोळत बसले होते. मेंढी खारटाच्या ओढीनं कोकरू चाटते आणि चाटता चाटता आपलंसं करते.

"कसं कळावं?" आबा म्हणाले. "तुला तरी जल्मताच ठावं व्हतं व्हय? मेंढरं माझा घामेजला हात चाटत्यात, ते तू बघितलंस. मग तूच म्हणलीस, आबा, कोकराला मीठ लावून बघू की. सा वर्साची व्हतीस. म्या गावभर सांगत हिंडलो व्हतो."

मंजुषाला पटलं. तिलाही कुणी उत्तर सांगितलं नव्हतं. पण बघायला मिळालं होतं! त्याच दुपारी तिनं गेममध्ये एक दृश्य वाढवलं.

शनिवारी प्रदर्शनात बाहेरचा माणूस म्हणून कृष्णराज संगणकासमोर बसला. मागं सर, विद्यार्थी, आणि पार कोपऱ्यात लाल पटका बांधलेले सिदूआबा. पडद्यावर धनगर उन्हातून आला आणि मेंढीनं त्याचा हात चाटला. त्यानं हौदावर हात धुतला. मेंढीनं नुसता हुंगला आणि सोडून दिला.

कृष्णराजनं वळून मंजुषाकडं पाहिलं.

"माझ्याकडं बघू नका. उत्तर पडद्यावर आहे."

"पडद्यावर लक्ष राहत नाही... त्याला मी काय करू?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सर उगीचच खाकरले.

कृष्णराजनं ते दृश्य पुन्हा पाहिलं. धुतलेला हात, न धुतलेला हात... "घाम! खारट लागतो म्हणून!" तो ओरडला. पिशवीतलं खडेमीठ काढलं, कोकराला लावलं - आणि मेंढी चाटू लागली. कोकरू लटपटत आचळाशी गेलं.

"आसंच! आसंच आसतंय बघा!" सिदूआबा कोपऱ्यातून गरजले. सगळे वळले. "खरंच असं करता?" सरांनी विचारलं आणि खुर्ची पुढं केली. आबा बसले, सांगू लागले. कॉलेजची पोरं दाटीवाटीनं ऐकत उभी राहिली. मंजुषाचा ऊर भरून आला. आपल्या बापाचं शहाणपण असं चारचौघांत मानानं ऐकलं जाताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"मेंढी राहू दे गं," सर जाता जाता म्हणाले.

कृष्णराज तिच्याजवळ आला. "न्याय केलात तुम्ही. आता... माझं एक विचारायचं होतं. तुम्ही हसता, शेजारी जागा धरता... मी त्याचा अर्थ लावतोय, पण चुकत असेन तर -"

आणखी चार दिवस त्याला झुलवता आलं असतं. तिनं झुलवलं नाही.

"मला तुमी आवडता," ती म्हणाली. "लई आवडता. अर्थबिर्थ लावत बसू नका."

वकिलानं आधी कॉलर नीट केली. मग कसंबसं म्हणाला, "मलाही... पहिल्या दिवसापासून." आणि लगेच घाबरून, "पण तुमच्या आबांना कोण सांगणार?"

"मीच."

ती त्याला घेऊन भर गर्दीत शिरली. "आबा, हे वकीलसाहेब. मला आवडलेत."

आबांनी दोघांना नीट न्याहाळलं.

"ते दिसलं की मला," ते म्हणाले. "सारी दुनिया मेंढीकडं बघत व्हती, आन तू ह्येंच्याकडं."

पोरं खो खो हसली. मंजुषानं मात्र मान खाली घातली नाही.