घाबर, पण चालता चालता

सकाळी सहाला मागच्या टेकडीवर जायचं, असं रात्री नाचता नाचता बाराजणांनी ठरवलं होतं. अगदी शपथा घेऊन. जो उठणार नाही त्याच्या अंगावर बादली ओतायची, इथवर गोष्ट गेली होती. आणि सहाला बघावं तर मैत्रिणीच्या त्या दोन खोल्यांत दहाजण ढाराढूर! जिचं लग्न ठरलं म्हणून हा सगळा धिंगाणा, ती नवरी तर उशी पायाशी घेऊन चक्क घोरत होती.

दारापाशी चपलाबुटांचा ढीग. त्यात आपापला जोड शोधायला दोघं एकदमच वाकली, आणि डोक्यावर डोकं आपटलं.

"आई गं!"

"सॉरी, सॉरी! रात्री नाचताना पाय तुडवला, आता डोकं... काय राहिलं आता?"

"बादली," ती कपाळ चोळत म्हणाली. "पण तुम्ही उठलात, म्हणून वाचलात."

तो हसला. नवऱ्यामुलाचा मित्र तो. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा, म्हणून त्या घोळक्यात सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. रात्री त्यानं तिचा पाय तीनदा तुडवला होता. तिनं मोजलं होतं, आणि तरी चौथ्यांदा त्याच्याचबरोबर नाचली होती. आता काय बोलायचं!

"बाकीच्यांना उठवायचं?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं आत पाहिलं... मग त्याच्याकडे. "कशाला? झोपू दे बिचाऱ्यांना."

बिचाऱ्यांना, म्हणे!

टेकडी तशी साधी. आजोबा मंडळी काठी टेकत रोज जाऊन येतात, बाया बाळांना कडेवर घेऊन चढतात. पण आमची ही मुलगी सव्वीस वर्षांची झाली तरी एकदाही टेकडी चढली नव्हती. हसू नका. पाच वर्षांची असताना थोरल्या भावामागे पायऱ्या चढत पळाली आणि ओठ निळे पडून कोसळली. हृदयाला छिद्र होतं. ऑपरेशन झालं, छिद्र बुजलं. बाराव्या वर्षी डॉक्टरांनी सांगून टाकलं, हिला आता पळू द्या. पण घरी ऐकतंय कोण? आई आणि दादा तिला तळहाताच्या फोडासारखं जपत. घर तळमजल्यावर, नोकरी बसून करायची. साधं स्टुलावर चढून जाळं काढलं तरी घर डोक्यावर घ्यायचे. तिच्या पोटात राग साठत गेला होता, आणि आज तो पायांत उतरला होता.

"ही टेकडी मीच काढलीय," चढता चढता ती म्हणाली. "नकाशाच्या ऑफिसात असते ना मी. सारख्या उंचीच्या रेषा असतात ना, वाकड्यातिकड्या... त्या."

"आणि वर काय आहे?"

"काय माहीत! कधी गेलेच नाही."

"म्हणजे खुर्चीत बसून टेकड्या? हे तर उंटावरून शेळ्या हाकणं झालं!"

"आणि तुम्ही? लोकांचे जिने चढणं सोडवून त्यांना आळशी करता, ते?"

"वा! आजवर लोकांनी आभार मानले होते. शिव्या पहिल्यांदाच खाल्ल्या."

"कशा वाटल्या?"

"आणखी आहेत?" तो म्हणाला, आणि तिला इतकं हसू आलं की थांबून कठड्याला धरावं लागलं. ओलं गवत, गार वारा, आणि त्याची ती झोपाळू, मिश्कील नजर... तिला वाटलं, हा चढ संपूच नये.

तेवढ्यात फोन वाजला. दादा. आठला न्यायला येणार होता, सातलाच खाली हजर!

"आलोय गं मी. जिन्यानं नको हं, लिफ्टनंच ये."

"दादा, मी टेकडीवर आहे."

"कुठे?"

"घरामागच्या टेकडीवर. निम्मी चढलेय."

"तिथेच बस! अजिबात हलू नकोस! ऑपरेशन झालेलं हृदय आहे तुझं, खेळ आहे का—"

दादाचा आवाज असा की झाडावरची पाखरं उडाली. लिफ्टवाल्यानं सगळं ऐकलं. तिनं फोन बंद केला आणि दोन वाक्यांत त्याला काय ते सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बसा. आधी बसा बघू! पाणी प्या. बोलू नका. आपण उतरू या... की मी उचलून—"

झालं! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं. रात्रभर हाच माणूस तिच्याशी धडधाकट माणसाशी वागावं तसा वागला होता. तोही दादासारखाच झाला तर काय उरलं?

"मला एक दादा आहे," ती कडाडली. "पुरे आहे! दुसरा नकोय मला. आणि तू तर मुळीच व्हायला नको होतास!"

तो खाली बघत म्हणाला, "भीती वाटली हो. खोटं कशाला बोलू? दिवसभर तेच बघतो मी... कुठला दोर झिजला, कोण पडेल..."

"मग घाबर ना! घाबरू नको कुठे म्हणतेय? पण माझ्यासोबत चालता चालता घाबर. मला खाली बसवून नाही."

आणि ती चालू लागली. वळून पाहिलं नाही. पण कान मात्र मागे! दहा पावलं झाली... पंधरा... आणि मग मागून धावत येणारे बूट ऐकू आले. तो शेजारी आला आणि चालत राहिला. तिला हायसं वाटलं.

माथ्यावर एक बाक होता आणि पाण्याची टाकी, बस्स. पण खाली अख्खं गाव पसरलेलं, आणि छातीत हृदय कसं दणादणा वाजत होतं! त्या आवाजाची तिला जन्मभर धास्ती घातली होती. आज तो तिला फार आवडला.

पाठोपाठ दादा आला. शर्ट घामानं चिंब, तोंड लालबुंद, दम लागलेला. त्यानं आधी तिचे ओठ बघितले. एकवीस वर्षांची सवय. ओठ गुलाबी होते. मग तो बाकावर कोसळलाच.

"माझ्यामागे... पळाली होतीस तू त्या दिवशी," तो धापा टाकत म्हणाला. "माझ्यामुळे..."

"हो. आणि मजा आली होती, दादा. पडेपर्यंत खूप मजा आली होती. ते कधी कुणी विचारलंच नाही मला."

दादानं डोळे पुसले आणि तो लिफ्टवाल्याकडे वळला. "तुम्ही कोण ते मागाहून बघू. आधी हिचा हात धरा. उतार आहे."

लिफ्टवाल्यानं हात पुढे केला नाही. तिच्याकडे बघितलं. "धरू?"

"मी पडेन म्हणून?"

"छे. त्यासाठी कठडा आहे."

"मग कशासाठी?"

त्यानं एकदा दादाकडे पाहिलं. "आवडतेस तू मला. काल रात्रीपासून... आणि मघाशी ओरडलीस तेव्हापासून तर फारच. म्हणून."

दादाला जोरात ठसका लागला. तिनं बोटांत बोटं गुंफून लिफ्टवाल्याचा हात घट्ट धरला आणि उताराला लागली.

"दादा," तिनं वळून हाक मारली, "तू मात्र जपून उतर हं!"