पन्नासच्या पुढचा आवाज

तो गाडी ढकलत आला तेव्हा मी गॅरेजमध्ये जमिनीवर बसून एका चेनची घाण काढत होते, म्हणून मला आधी त्याचे बूट दिसले. धुळीने भरलेले, पण नाड्या अगदी नीट बांधलेल्या.

"क्लच गेला," तो म्हणाला. "म्हणजे... गेला असावा. दाबलं की काहीच होत नाही."

बाबा एका मोटारीखाली आडवे झाले होते. "पोरी, बघ गं," मोटारीखालून आवाज आला.

त्याने वाकून मोटारीखाली बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही बघणार?"

"ते बाहेर यायची वाट बघायची असेल तर तिकडे बाक आहे."

"नको, नको. तुम्हीच बघा."

वायर तुटली होती. वीस मिनिटांचं काम. तेवढ्या वेळात त्याने पाने किती नंबरचे असतात, ग्रीस हाताला चिकटतं ते निघतं कसं आणि भिंतीवर टांगलेला वाकडा मडगार्ड कोणाचा, हे सगळं विचारून घेतलं. इतकं विचारणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. सगळे घड्याळ बघत बसतात.

आमच्या गॅरेजचा एक नियम होता. दुरुस्त केलेली गाडी आम्ही तशीच हातात देत नसू. ती आम्ही चालवायची, मालकाने मागे बसायचं आणि गावाबाहेर कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन यायचं. परत आल्यावर मालक 'ठीक आहे' म्हणाला, की ट्रायल संपली. नाही म्हणाला, तर गाडी पुन्हा उघडायची. पुष्कळ पुरुषांना माझ्या मागे बसणं जड जायचं. हा मात्र निमूट बसला.

"धरायचं कुठे?"

"मागे दांडी आहे. नसेल धरायचं तर पडा."

वस्ती संपली, सूर्यफुलांची शेतं लागली. वाऱ्यात ओल्या मातीचा आणि कडब्याचा वास होता. तो मागून म्हणाला, "तीन वर्षं झाली गाडी घेऊन, पण मागच्या सीटवर कधी बसलोच नव्हतो."

"मग, कसं वाटतंय?"

"मागून जास्त छान दिसतं." आणि लगेच अडखळला. "रस्ता... रस्ता म्हणतोय मी."

परत आल्यावर त्याने 'ठीक आहे' म्हटलं खरं, पण असं, की जणू ते शब्द कोणी त्याच्याकडून काढून घेतले.

पुढच्या रविवारी सकाळी तो पुन्हा दारात उभा.

"आवाज येतोय," तो म्हणाला. "बारीक टिकटिक. पन्नासच्या पुढे गेलं की."

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. डाव्या कानाने मला वर्षभर नीट ऐकू येत नव्हतं. पाखरं, किल्ल्यांची किणकिण, बारीक टिकटिक असं काही असलं तर नाहीच. माझ्या कामाच्या जागेला लागून डाव्या हाताला हवेचा कॉम्प्रेसर होता. दहा वर्षं तो माझ्या कानाशी घरघरत आला होता. मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. बाबा इंजिन नुसतं ऐकून सांगायचे, कुठे काय सैल झालंय ते. गुडघे थकल्यामुळे ते गॅरेज माझ्या हाती द्यायच्या बेतात होते. चुलते म्हणत, विकून टाका, मुलगी काय चालवणार. त्यावर बाबांचं एकच उत्तर असायचं, "तिला माझे कान आहेत."

तेव्हा त्या रविवारी पन्नासच्या पुढे जाऊन तो मागून "ऐका, ऐका... आला ना?" म्हणाला, आणि मला वाऱ्याशिवाय काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा मी म्हटलं, "हो. येतोय. बारीक आहे."

तो एकदम गप्प झाला. पुलापर्यंत गप्प. मला वाटलं, गाडीची काळजी लागली असेल.

मी इंजिनातले टॅपेट काढून बघितले, पुन्हा बसवले. पुढच्या रविवारी तो आला. आवाज आता म्हणे चढावरच येत होता. मग आम्ही वीटभट्टीच्या मागच्या चढावर गेलो. त्याच्या पुढच्या रविवारी फक्त खडीच्या रस्त्यावर, म्हणून पाण्याच्या उंच टाकीकडे. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, "हो, आला," आणि परत येऊन काहीतरी उघडायचे, काहीतरी आवळायचे. चेन, स्प्रॉकेट, सायलेन्सरचे नट. खोटं सांगत नाही, ती गाडी नवी होती त्याहून चांगली झाली होती.

"त्याच्या गाडीला दर रविवारीच कशी सर्दी होते?" आत्या म्हणाली. ती आमच्याकडेच राहायची आणि खिडकीत बसून सगळं गॅरेज चालवायची. "आणि हवापालट केल्याशिवाय उतरत नाही ती. काय गं?"

"आत्या, गिऱ्हाईक आहे ते."

"मी कुठे नाही म्हटलं? टिकटिकवालं गिऱ्हाईक."

खरं सांगायचं तर मलाही नवल वाटत होतंच. असा कसला आवाज, जो फक्त रविवारी येतो आणि फक्त बघण्यासारख्या रस्त्यांवर येतो? मी आठवडाभर त्या न ऐकलेल्या आवाजाचा विचार करायचे. मग त्या माणसाचा. तो करतो काय? दवाखान्यात असतो, एवढंच म्हणाला होता. हात इतके स्वच्छ कसे? आणि गाडी चालू असताना कधी डावीकडून, कधी उजवीकडून झुकून का बोलतो? उजवीकडून बोलला की मी उत्तर द्यायचे. डावीकडून काही पुटपुटला असेल, तर ते मला नंतर त्याच्या गप्प बसण्यावरून कळायचं.

पाचव्या रविवारी आम्ही कालव्याकाठच्या कच्च्या वाटेने गेलो. पाणी काठोकाठ होतं. बगळे चिखलात पाय मोजत असल्यासारखे चालत होते. त्याने खांद्यावर दोन बोटं टेकवून थांबायला सांगितलं. पाच रविवारांत तो पहिला स्पर्श.

मी इंजिन बंद केलं. तो उतरून माझ्यासमोर उभा राहिला.

"आवाज नाहीये," तो म्हणाला.

"गेला? बरं झालं. सायलेन्सरचाच असणार—"

"कधीच नव्हता. मी बनवून सांगितला. मला पुन्हा यायचं होतं, आणि गाडी तर तुम्ही ठणठणीत करून दिलेली. दुसरं काही सुचलं नाही."

माझे कान तापले. दोन्ही.

"आणि तुम्ही 'हो, येतोय' म्हणालात," तो हळू म्हणाला. "आधी वाटलं, तुम्हीही मुद्दामच म्हणताय. म्हणजे तुम्हालाही फिरायचंय. चार दिवस हवेत होतो मी. मग डावीकडून बोलून बघितलं... तुम्ही उत्तरच देत नव्हता. मी कानाच्या दवाखान्यात काम करतो. लोकांना किती ऐकू येतं ते तपासतो. कधीपासून आहे हे?"

मी किक मारली आणि निघून आले. त्याच्याच गाडीवर. त्याला तिथे कालव्यावर बगळ्यांजवळ सोडून.

तीन किलोमीटर आले तेव्हा रागाने मला रडू येत होतं. त्याने मला पाच रविवार नाचवलं, म्हणून राग. आणि मी पाच रविवार एका नसलेल्या आवाजाला 'हो' म्हणत आले, म्हणून जास्त. कुठला मेकॅनिक असं करेल? उद्या एखाद्याच्या गाडीत खरोखर काही वाजत असलं आणि मी 'काही नाही' म्हणून सोडली तर? पुढच्या उतारावर तो माणूस...

मी गाडी वळवली.

तो वाटेवरून चालत येत होता, बूट हातात घेऊन.

"बूट का काढले?"

"चावतात. एवढं चालायची सवय नाही. माझ्याकडे गाडी आहे ना."

मला हसू आलं, आणि ते आल्याचा पुन्हा राग आला. "बसा. मालकाने ठीक म्हटल्याशिवाय ट्रायल संपत नाही."

बसल्यावर उजव्या बाजूने म्हणाला, "उद्या दवाखान्यात याल?"

दुसऱ्या दिवशी गेले. एका लहानशा खोलीत, जाड दाराआड, कानांवर दोन डबे चढवून मला बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे तो पांढऱ्या कोटात, मान खाली घालून. आदल्या दिवशीचा चालणारा माणूस हाच, हे ओळखू येऊ नये इतका गंभीर. मनात आलं, अंदाजाने दाबावं. वर्षभर तेच तर केलं होतं. पण बोट हलवलं नाही. डाव्या कानाच्या वेळी ती खोली किती शांत होती... मी बटण हातात धरून नुसती बसून राहिले.

बाहेर आल्यावर त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. "उजवा उत्तम आहे. डाव्याचे बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत. आहे ते राखता येईल. मोठ्या आवाजात कान झाकून काम करायचं. डॉक्टर सविस्तर सांगतील."

"बाबांना सांगू?"

"ते मी नाही सांगू शकत," तो म्हणाला. "मला फक्त इतकंच माहीत आहे, की आज तुम्ही एकदाही खोटं बटण दाबलं नाही. मोठमोठे लोक दाबतात इथे."

संध्याकाळी बाबा हात धूत होते, तेव्हा मी सांगून टाकलं. कागद पुढे केला. ते कागदाकडे बघत राहिले आणि साबण त्यांच्या हातावरच वाळला. आत्याने त्या संध्याकाळी खिडकी लावून घेतली, म्हणजे बघा.

सकाळी गॅरेजमध्ये खरडल्याचा आवाज आला. बाबा त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी कॉम्प्रेसर मागच्या अंगणात ओढून नेत होते. लाकडी फळ्या टाकून, एकटे. मी धावले तर म्हणाले, "बाजूला सर. मीच ठेवला होता तिथे, मीच काढणार."

भिंतीपलीकडे तो नेऊन ठेवल्यावर ते बाकावर टेकले. धाप लागली होती.

"तुला ऐकू येत नाही हे तू मला सांगितलंस," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला सांगशील?"

"सांगेन. म्हणेन, पुन्हा चालवून बघते. नाहीतर उजवा कान लावते. नाहीतर तुम्हाला बोलावते."

"मला कशाला? मी बाकावर असणार." त्यांनी गॅरेजच्या किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या. "आता एक सांग. त्या पोराच्या गाडीला झालंय तरी काय?"

"काही नाही झालेलं."

"मग पाच रविवार दुरुस्त काय करत होतीस?"

खिडकीत आत्याला एवढं हसू आलं, की तिला खोकला लागला.

पुढच्या रविवारी तो आला. मी चेनकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. "आज काय झालंय?"

"काहीच नाही. ठणठणीत आहे."

"मग इकडे कशाला आणलीत?"

"फिरायला." त्याने किल्ली माझ्यासमोर धरली. बाकावर बाबा होते, म्हणून कानाची टोकं लाल झाली त्याची. "तू चालव."

'तू' म्हणाला. मी लक्षात घेतलं आणि किल्ली घेतली.

त्या दिवशी आम्हाला कुठलाही आवाज शोधायचा नव्हता, त्यामुळे वाट फुटेल तिकडे गेलो. ढग उतरले होते, उन्हाचे तुकडे शेतांवरून पुढे पुढे पळत होते. एका सरळ रस्त्यावर काटा पन्नासच्या पुढे गेला आणि त्याने काहीतरी म्हटलं. डावीकडून. मुद्दाम की चुकून, कोण जाणे.

पूर्वीची मी असते तर 'हो' म्हणाले असते.

"ऐकू नाही आलं," मी ओरडून म्हटलं.

त्याने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. अर्धं वाऱ्याने नेलं.

"अर्धंच आलं!"

मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. सायलेन्सर तडतडत गार होत गेला. मग तेही थांबलं. मी मागे वळून उजवा कान त्याच्याकडे केला.

"म्हणा आता."

तो खाली बघायला लागला. मग शेताकडे. मग पुन्हा खाली. "इतकं शांत असलं, की अवघड जातं," तो म्हणाला.

"मला वेळ आहे."

त्याने घसा साफ केला. आणि म्हटलं. अगदी साधे तीन-चार शब्द, अगदी हळू, कुणालाही सहज ऐकू येतील असे.

"पुन्हा म्हणा," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "ऐकू नाही आलं?"

"आलं," मी म्हणाले. "तरी म्हणा."