वरची सळई

फिटर डबा घेऊन साइटवर निघाला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. डबा जावयाचा. तो सकाळी घाईत विसरून गेला होता, आणि लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला आज सुट्टी आहे, तेवढेच पाय मोकळे होतील." आयुष्यभर स्लॅबवर उन्हात ओणवं राहून सळया बांधणाऱ्या माणसाला पाय मोकळे करायला उन्हात धाडायचं, हे फक्त लेकच करू जाणे. बायको गेल्यापासून तो लेकीकडेच राहत होता आणि तिच्यापुढे त्याचं काही चालत नसे. शिवाय साइटवर जायला आज त्याला निमित्त हवंच होतं. आणि खरं सांगायचं तर जायचं नव्हतंही.

काल बाल्कनीचे टेकू काढले होते. रात्री जेवताना जावई सहज बोलून गेला की टेकू निघाले, बाल्कनी मस्त उभी आहे. फिटरने हातातला घास परत ताटात ठेवला. ती उभी राहायला नको होती.

त्याचं असं आहे. बाल्कनी एकाच बाजूने इमारतीला धरून असते, बाकी सगळी अधांतरी. हात लांब करून भरलेली बादली धरली की ताण खांद्याच्या वरच्या अंगाला बसतो, तसाच बाल्कनीचा ताण तिच्या वरच्या अंगाला. म्हणून तिच्या मुख्य सळया वर लागतात. त्या वरच राहाव्यात म्हणून खाली सळईच्याच वाकवलेल्या छोट्या खुर्च्या ठेवतात. खुर्च्या नसल्या की काँक्रीट ओतणारी माणसं सळया तुडवत जातात आणि जाळी तळाला जाऊन बसते. तळाला गेलेली जाळी असून नसल्यासारखीच. हे फिटरला त्याच्या वस्तादांनी शिकवलं होतं, तेही पाठीत धपाटा घालून. वस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना खांदा देणाऱ्यांत फिटर पुढे होता.

खुर्च्या फिटरने स्वतः वाकवल्या होत्या. ठेवायच्या राहिल्या. कारण सांगायलाही लाज वाटावी असं होतं. जावई त्याच साइटवर इंजिनिअर. काम तपासायला आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काकांनी बांधलंय ना? मग मी काय बघायचं?" साइटवर तो सासऱ्याला काका म्हणायचा आणि सासरा त्याला साहेब; घरातलं नातं घरात. पण त्या एका वाक्याने फिटर असा काही फुगला की उरलेला दिवस दुसऱ्यांच्या बांधणीतल्या चुका काढत फिरला. एकाला तर म्हणाला, "अरे, तुझी गाठ बघून सळईलाच रडू येईल." सगळे हसले. खुर्च्या ढिगाआड तशाच पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मिक्सर सुरू झाला, घमेली फिरू लागली आणि बाल्कनीवरची जाळी माणसांच्या पायांखाली दबत दबत तळाला गेली, ती त्याने डोळ्यांनी पाहिली. "थांबवा" एवढा एक शब्द पुरला असता. पण तो शब्द, आदल्या दिवशी ज्यांच्या चुका काढल्या त्यांच्यासमोर बोलावा लागला असता. तो पाठ फिरवून सळया मोजू लागला. संध्याकाळी त्याने त्या खुर्च्या पोत्यात भरून भंगारात टाकल्या, चोरासारखं लपूनछपून.

डबा जावयाच्या हातात देऊन फिटर इमारतीच्या पुढच्या अंगाला आला. बाल्कनी उभी होती. त्या बाजूला भराव घालून जमीन उंच केलेली असल्यामुळे ती फार उंच नव्हती, खाली उभं राहून हात वर केला तर टेकत होता. वॉचमनची बायको वर कपडे वाळत घालत होती. ती दोघं तात्पुरती पहिल्या मजल्यावर राहत.

"काका," ती वरून म्हणाली, "तुमच्यातल्या त्या म्हाताऱ्यांना जरा बसायला सांगा की."

कोणते म्हातारे, फिटरने विचारलं.

"हे काय, इथे खाली उभे असतात. काल टेकू निघाल्यापासून. हात वर करून. मी पाणी नेलं तर म्हणाले, नको, हात अडकलेत."

ती हसली. उन्हाने डोकं फिरलं असेल बिचाऱ्याचं, म्हणाली. दिसतात कसे, विचारल्यावर तिने सांगितलं की अंगाने काटकुळे आहेत आणि मनगटाला तारेचे वेढे घेतलेले असतात. सळया बांधायच्या तारेचं भेंडोळं सगळेच कमरेला अडकवतात. मनगटाला गुंडाळणारा माणूस फिटरने जन्मात एकच पाहिला होता.

तो बाल्कनीखाली गेला. तिथे कोणी नव्हतं. जेवणाची सुट्टी झालेली, माणसं मिळेल त्या सावलीला आडवी झालेली, मिक्सर बंद. पाऊस नसताना ओल्या लोखंडाचा वास येत होता. धुळीत अनवाणी पावलांचे दोन ठसे होते, बोटं फाकलेली, टाचा खोल रुतलेल्या. मग त्याला श्वास ऐकू आला. जड वस्तू उचलून धरलेला माणूस जसा दातांमधून श्वास घेतो, तसा. अगदी शेजारी.

"वस्ताद?..." फिटर म्हणाला.

वर वॉचमनची बायको कपड्यांची बादली घेऊन दोन पावलं पुढे आली. श्वास अडखळला.

"सांगितलंस का?" कानाजवळ कोणीतरी विचारलं.

आवाजात राग नव्हता. राग असता तर फिटरला बरं वाटलं असतं. धपाटा खायची त्याला सवय होती.

"उद्या... उद्या सांगतो," तो म्हणाला, आणि पाय लावून पळाला.

रात्री जेवताना त्याने जावयाकडे पाहिलं. काम तपासल्याची सही जावयाची होती. न बघता केलेली, सासऱ्याच्या भरवशावर. सांगायचं म्हणजे आपलं नाक कापलं जाणार, ते जाऊ दे, पण त्याचंही कापलं जाणार. आणि न सांगायचं म्हणजे ती बाई रोज कपडे वाळत घालणार. फिटरने तोंड उघडलं. "आमटीत मीठ कमी आहे," तो म्हणाला. लेकीने मिठाची वाटी पुढे सरकवली. त्या क्षणी त्याला स्वतःची जेवढी शिसारी आली, तेवढी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कामावर होता. वॉचमनची बायको दिसली तेव्हा म्हणाली, आज त्यांनी हात खाली घेतलेत, विटांवर चढून खांदा लावलाय, हात भरून आले असतील. बाल्कनीत जाऊ नकोस, असं फिटर तिला म्हणाला. का, तिने विचारलं.

"रंग... ओला आहे."

बाल्कनीला अजून रंग लागला नव्हता. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो वस्तादांकडे त्यांच्या शेवटच्या आजारपणात पाहत असे. कीव करून.

दुपारी तो पुन्हा खाली गेला. या खेपेला वस्ताद दिसले. पाठमोरे. बनियन घामाने चिकटलेलं, मान वाकडी, डावा खांदा काँक्रीटला भिडलेला, गुडघे वाकलेले. ज्या माणसाने हातात तार पिळायचा आकडा देऊन पहिली गाठ शिकवली, तो मेल्यावरही आपल्या चुकीखाली उभा होता. फिटरला भीती वाटत होतीच, पण तिच्याहून मोठी होती ती लाज.

"उद्या नक्की, वस्ताद..."

 वस्तादांचे गुडघे आणखी वाकले.

पुढच्या दिवशी लेक स्वतःच डबा घेऊन आली. फिटर भरावाच्या कडेला रिंगा वाकवत होता. हाक ऐकून त्याने वर पाहिलं, तर ती बाल्कनीत कठड्याच्या सळयांना धरून उभी. शेजारी वॉचमनची बायको.

"बाबा, इथे काय छान वारा येतो!" ती म्हणाली आणि वाकून त्याला शोधू लागली.

बाल्कनीखालून आवाज आला. तो कण्हण्याचा होता. जेवायला बसलेल्या माणसांपैकी कोणाला तो ऐकू आला नाही. त्यांच्या गप्पा चालूच होत्या. फिटरने हातातली सळई टाकली.

"आत जा! दोघी आत जा, आत्ता!"

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. लेक गोंधळून आत सरकली. जावई डबा अर्धा उघडलेला तसाच घेऊन बाहेर आला. ज्याच्या गाठीला फिटर हसला होता तोही घास हातात धरून बघत होता.

"सळया खाली आहेत," फिटर म्हणाला. "मी खुर्च्या ठेवल्या नाहीत. मला माहीत होतं... ओतताना मी बघितलं होतं. आणि गप्प बसलो."

कोणी हसलं नाही, कोणी टोमणाही मारला नाही. जावयाने आधी टेकू आणायला माणसं पळवली. बाल्कनीखाली टेकू एकेक करून घट्ट बसल्यावर तो सासऱ्याजवळ आला.

"मला आधी सांगायचं होतंत, बाबा," तो म्हणाला.

साइटवर त्याने पहिल्यांदाच बाबा म्हटलं होतं. फिटर मान वर करू शकला नाही.

बाल्कनी फोडली. जाळी तळालाच निघाली, खालच्या अंगाला जेमतेम काँक्रीटचा पापुद्रा. जावयाने त्या तुटक्या कडेवरून हात फिरवला. ही इतके दिवस उभी राहिली कशी, असं तो तीनतीनदा म्हणाला. फिटरला कारण ठाऊक होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

नव्या बाल्कनीच्या खुर्च्या त्याने एकेक करून स्वतः ठेवल्या, आणि काँक्रीट ओतताना जाळीवर पाय ठेवणाऱ्यावर असा खेकसला की माणसं फळ्यांवरून चालू लागली. जावयाच्या सहीवर ठपका आला, तो त्याने मुकाट्याने सोसला. घरी लेक पूर्वीसारखीच वाढायची. फक्त काय हवं-नको ते आता बापाला विचारायची नाही, ताटात वाढून निघून जायची. फिटरने तेही सोसलं. दुपारी एकदा तो बाल्कनीखाली जाऊन आला. नुसते टेकू होते, आणि सावली. वास नव्हता, ठसे नव्हते. त्याने हात जोडले. वस्ताद सुटले, असं त्याला वाटलं, आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी त्याचा डोळा लागला.

नव्या बाल्कनीचे टेकूही निघाले. ती नीट उभी राहिली. अशाच एका दुपारी वॉचमनची बायको त्याला म्हणाली, "काका, ते म्हातारे परत आलेत हो."

फिटरने बाल्कनीकडे पाहिलं.

"तिथे नाही. जिन्याखाली."

जिनाही त्यानेच बांधला होता. उभ्या उभ्या त्याने सगळा जिना मनातल्या मनात पुन्हा बांधून पाहिला, पायरी, वळण, मधला चौक, एकेक सळई, एकेक गाठ. काही राहिलेलं आठवेना. बाल्कनीच्या वेळी निदान आपण काय केलं हे माहीत होतं. हा जिना त्याने अगदी बिनघोर मनाने बांधला होता.

तो मधल्या चौकाखाली वाकून शिरला. ओल्या लोखंडाचा वास नाकात बसला. वस्ताद होते. दोन्ही गुडघे जमिनीला टेकलेले, चौकाचा सगळा भार मानेवर घेतलेला.

"सांगितलंस का?"

"काय सांगू, वस्ताद? काय राहिलंय माझं?..."

वस्तादांना बोलायला दम उरला नव्हता. जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर पावलं वाजू लागली. जेवण उरकून माणसं गच्चीवर निघाली होती, त्यांत जावयाचे बूट फिटरला ओळखू आले.

या वेळी त्याने उद्यावर ढकललं नाही. जिन्यावर पाय ठेवू नका, आहात तिथून मागे फिरा, असं तो खालून ओरडला. पावलं थांबली. जावयाने कठड्यावरून वाकून विचारलं, "बाबा, काय राहिलंय?"

"ठाऊक नाही," फिटर म्हणाला.

कोणीतरी खुदकन हसलं. म्हातारा आता प्रत्येक गोष्टीला घाबरणार, असं काहीसं बोललं. फिटरचे कान तापले, पण तो तिथून हलला नाही. जावई सगळ्यांना मागे फिरवून टेकू आणवायला गेला. टेकू दुसऱ्या इमारतीला लागले होते. यायला वेळ लागणार होता.

शेजारी श्वास तुटत चालला होता. फिटर वाकला आणि वस्तादांच्या खांद्याला खांदा लावून त्याने आपली पाठ आणि दोन्ही हात चौकाला भिडवले. कानाशी एक लांब सुस्कारा सुटला, ओझं उतरवल्यावर सुटतो तसा. आणि मग सगळा भार फिटरवर आला.

थोड्या वेळाने वॉचमनची बायको आली. एवढ्या उन्हात दोघं म्हातारे जिन्याखाली बसलेत म्हणून ती दोन पेले पाणी घेऊन आली होती.

"काका, पाणी घ्या."

"नको," फिटर दातांमधून म्हणाला, "हात अडकलेत."

तिने एक पेला त्याच्या पायाशी ठेवला. दुसरा हातात धरून ती इकडेतिकडे बघत राहिली. तो कोणाला द्यायचा, ते तिला कळेना.