अंतरपाटाची उलटी बाजू

अंबादेवीची शप्पथ, एकविरेची शप्पथ, आणि तेवढ्यानं भागत नसंल तं माझ्या उरलेल्या दातांची शप्पथ — आता जे सांगून राहिली ते अक्षर न् अक्षर खरं हाय! मधात कोणी "आजी, काहीही!" म्हटलं, तं गोठ सांगणं तिथंच बंद.

अठ्ठावन साल असंल. फागुनाचे दिवस. मी तवा अंबागेटच्या मोरोपंत भटजींची सिंधू होती. लग्नाले आलेली, आणि अंगात एक वाईट खोड असलेली. मी सिनेमाची पोस्टरं जमवायची.

सिनेमे नाई हो! सिनेमा कोण दाखवते भटजीच्या पोरीले? फक्त पोस्टरं. खेळ बदलला की जुनं पोस्टर भिंतीवरच राहे, आणि खळीच्या वासानं गायी येऊन हिरोईनले कानापासून खायले लागत. मी गायीच्या आधी पोचायची. बाकीच्या पोरी रुमालावर मोर भरत, अन् माझ्या ट्रंकेत लुगड्याखाली मिशीवाले हिरो झोपलेले! लाज अशी वाटे, की ट्रंक उघडताना मी देव्हाऱ्याकडं पाठ करून बसायची. पण रंग पाह्यले की जीव राहत नसे.

त्या दिवशी अवकाळी भुरभुर सुरू होती. हातात ओटीचं ताट, जायचं देवळात... आणि टॉकीजच्या मागच्या भिंतीवर एक पोस्टर, पाण्यानं मऊ झालेलं. हिरोनं हिरोईनले मिठीत घेतलेलं. तिची मान मागं कललेली, केस मोकळे. मी ताट काखेत धरलं आणि कोपरा सोडवायले लागली. आता हनुवटीपर्यंत आली, तेवढ्यात —

"जरा हळू... हनुवटी फाटंल."

माय वो! मागं एक उंच पोरगा, हातात छत्री. आणि ती छत्री त्यानं माझ्या डोक्यावर नाई धरली. पोस्टरवर धरली!

"कोणाची हनुवटी?" मी म्हटलं.

"तिची. तुमची ठीक हाय."

"मी काई... मी देवळात चालली होती."

"हाव, दिसून राहिलं. तुमचा नारळ तं पुढं गेला."

खरंच, नारळ नालीकडं घरंगळत चाललेला. त्यानं तो पायानं अडवला, पुसला, ताटात ठेवला, आणि पोस्टरचा दुसरा कोपरा धरला. अशा हलक्या हातानं, जसं निजलेल्या लेकराचं पांघरूण काढावं. सोडवता सोडवता आमची बोटं मधात आली... मी झटकन हात मागं घेतला.

"तुमी टॉकीजचे हाय का?"

"नाई. मी अकोल्याचा, ड्रॉइंग मास्तर. मी पण चोरच हाओ. माझ्याकडं खोलीभर हायेत."

खोलीभर! मले वाटे या जगात मीच एक निर्लज्ज.

"एक सांगा मग," मी म्हटलं, "हिचा गाल हिरवा कावून?"

"जवळून हिरवा. दूर जाऊन पाहा, चांदणं पडल्यासारखं दिसते."

"तुमीच व्हा दूर. मग मी पाहते."

तो हसला. खरंच दूर झाला, भिजत उभा राह्यला. जाताना म्हणे, "तुमी आधी आल्या, तुमचं पोस्टर. पण अशीच घडी घालाल तं फाटंल. मागून जुनं धोतर चिकटवा खळीनं. कापड कागदाले धरून ठेवते."

मी पळाली. नाव विचारलं नाई. देवळातही गेली नाई.

घरी येऊन पोस्टर लपवते न लपवते, तं ओसरीवर आवाज. पाणी घेऊन बाहेर आली... आणि तांब्या हातातून पडायचाच राह्यला. तोच! बाबांसमोर बसलेला. अकोल्याचे बापूसाहेब वकील आमच्या बाबांचे जुने यजमान, त्यांचा हा पोरगा वसंत. बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायले आलेला.

"सिंधू, मास्तरांना पाहिलंस का कधी?" बाबांनी सहज विचारलं.

"कधीच नाई," मी म्हटलं.

"मी पण नाई," वसंत म्हणे. "पण तुमच्या बांगडीले काईतरी लागलं हाय. खळ दिसते."

"पापडाची असेल," आई आतून म्हणाली. मले वाटलं, आता इथंच जमिनीत जावं. आणि तो बेशरम पाणी पिताना तांब्याआडून हसून राह्यला!

त्यानं सांगितलं तसं मी केलं. आई कीर्तनाले गेलेली. बाबांचं फाटकं धोतर घेतलं, मापानं कापलं, गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, चिकटवलं. वाळल्यावर चित्र आत आणि पांढरं कापड बाहेर, अशी घडी घातली. ठेवू कुठं? आई ट्रंकेत हात घालायची. म्हणून बाबांच्या सोवळ्याच्या फळीवर ठेवली. त्या फळीले कोणी शिवत नसे.

बाबा शिवत, हे मी विसरली.

वैशाखात आमी लग्नाले अकोल्याले गेलो. बापूसाहेबांच्या दारी मोठा मांडव, नवरदेव यवतमाळचा. मी नवरीच्या मागं करवली, हातात करा. मुहूर्त आला. बाबांनी पिशवीतून अंतरपाट काढला, घडी न मोडता वर कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

"आज कापड कडक लागतंय," ते पुटपुटले. "खळ जास्त झाली धुताना."

एक टोक त्यांनी धरलं, दुसरं नवरीचा भाऊ म्हणून वसंतनं. उघडलं. माझ्या बाजूनं पांढरंशुभ्र, मधात स्वस्तिक. आणि कोपऱ्यात... धोतराचा रफू. मीच केलेला!

पोरीहो, माझ्या पायाखाली मांडव राह्यला नाई. पलीकडं नवरदेवाच्या समोर ते दोघं मिठीत! वसंतनं त्या बाजूले पाह्यलं, मग माझ्याकडं पाह्यलं. त्याचं तोंड चुन्यासारखं पांढरं.

बाबा मंगलाष्टकं डोळे मिटून म्हणत. ते आपले सुरात. इकडं वऱ्हाडी मंडळींचे आ उघडलेले. नवरदेवाची मान जी वर झाली ती खाली येईना! नवरदेवाची आजी दुर्गाबाई, तिले धड दिसत नसे. तिनं हात जोडले, "माय, राधाकिसन!" आणि तिचं पाहून म्हाताऱ्यांची अख्खी रांग वाकली. कोणी अक्षता हिरोईनवरच टाकल्या.

मग नवरदेवाचे वडील शेषराव गरजले, "बापूसाहेब! हा काय तमाशा हाय?"

बाबांनी डोळे उघडले. वाकून पलीकडं पाह्यलं. सूर तोडला नाई त्यांनी. म्हणता म्हणताच कापड दुमडलं, चित्र आत घेतलं, आणि लग्न लावलं. पण शेवटच्या 'सावधान'ले त्यांचा आवाज फाटला. त्या आवाजाची लाज मले आजही वाटते.

माळा पडल्या, आणि बापूसाहेब उभे राह्यले. "कोणाचं हाय हे?"

"माझं," वसंत म्हणाला.

"वाटलंच मले! वकिलाचा पोरगा आणि भिंतीवरची घाण गोळा करते! बहिणीच्या लग्नात नाक कापलं. या क्षणी मांडवाबाहेर हो. घरात पाय ठेवू नको!"

तो चालायले लागला. मी गप्प राह्यली असती तं सगळं झाकलं जात होतं. बोलली असती तं मले कोण पोरगा मिळणार होता, आणि बाबांले कोणी पूजेले बोलावलं असतं? आई पलीकडून माझ्याकडंच पाहून राह्यली होती. तिनं ओळखलं होतं. तिची मान 'नाई, नाई' अशी हलत होती...

"माझं हाय ते," मी म्हटलं. कऱ्यातलं पाणी सांडलं. "त्याईचं नाई. मी जमवते पोस्टरं."

सगळा मांडव माझ्याकडं पाहे. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडं.

"धोतर माझंच आहे," बाबा हळूच म्हणाले. "ओळखलं मी." मग शेषरावांसमोर हात जोडून, "यजमान, चूक माझ्या घरची. काय बोलायचं ते मला बोला."

माझा बाप हात जोडून उभा. माझ्यापायी!

शेषराव तोंड उघडणार, तं दुर्गाबाईनं काठी आपटली. "काहून ओरडून राह्यला रे शेषा? राधाकिसनानं येऊन लग्न लावलं माह्या नातवाचं, अन् हा कोकलते!"

तिले खरं काय ते सांगायची हिंमत कोणाले होणार? आधी नवरदेव हसला. मग नवरी. मग बापूसाहेबांच्या मिशीतही काईतरी हललं. जेवणाची पंगत बसली.

मी बसली नाई. मांडवामागं पाण्याच्या पिपाजवळ उभी राहून रडत होती. वसंत आला. काखेत ती घडी.

"तुमी कावून आपल्यावर घेतलं?" मी विचारलं.

"मी तं आधीच बदनाम हाओ. तुमी कावून बोलल्या?"

"तुमी चालले गेले असते..."

त्यानं घडी माझ्यापुढं केली, मी घेतली नाई. तो हात मागं घेईना, मी हात पुढं करेना. मग तो म्हणाला — मान खाली, आवाज एवढासा — "सिंधू... आपली पोस्टरं दोन घरी कशाले पाह्यजे? एकाच घरी ठेवू."

पुढच्या मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. अंतरपाट बाबांनी दोन्ही बाजूंनी तपासून घेतला.

आता एक सांगते. रागावू नका. बाकी सगळं खरं, म्हाताऱ्या वाकल्या तेही खरं. पण ते पिपाजवळचं शेवटलं वाक्य त्याचं नाई. ते मी म्हटलं होतं. त्यानं नुसते कान लाल करून "हाव" म्हटलं.

पोरीनं विचारलं म्हणजे केवढी लाज होती तवा! म्हणून घरी येऊन मी ते त्याच्या तोंडी घातलं. सासूले तसंच सांगितलं, लेकींले, सुनांले तसंच. आणि कोणी त्याले विचारलं, "बाबा, तुमीच म्हटलं होतं ना?" तं तो माझ्याकडं न पाहता म्हणे, "हाव. मीच."

मागच्या साली तो गेला. आता माझ्यासाठी "हाव" म्हणणारं कोणी राह्यलं नाई... म्हणून खरं सांगून टाकलं.