तीन चहांचा निष्कर्ष

लिफ्ट बंद होती. फिजिओथेरपिस्ट जिना चढता चढता तिसऱ्या मजल्यावर दम खायला टेकली. चक्कर येणाऱ्या वयस्कांसाठी तिने मानेचा एक साधा व्यायाम बसवला होता. त्याच्या चाचणीचा आराखडा मांडीवर उघडा होता. वरून उतरणारा एकजण थबकला.

"चाळीसच रुग्ण? कमी पडतील."

"दुसऱ्याचे कागद वाचायची सवय आहे वाटतं?"

"पगारच त्याचा मिळतो," तो म्हणाला. रुग्णालयाचा संख्याशास्त्रज्ञ निघाला.

त्याच पायरीवर बसून त्याने समजावलं. व्यायामाने खरोखर गुण येत असला, तरी तो बेताचा असेल तर चाळीस जणांत नजरेतून निसटू शकतो. मग अहवालात येणार – फरक आढळला नाही. लोक वाचणार – उपयोग नाही. आणि चांगला व्यायाम कायमचा बाद. निदान एकशे साठ हवेत. मध्येच सोडून जाणाऱ्यांची गळती धरून एकशे ऐंशी. खरं तर तिला राग यायला हवा होता. पण न दिसणाऱ्या गोष्टीची हा माणूस एवढी काळजी का करतो, याचंच तिला कुतूहल वाटत राहिलं.

आराखडा सुधारायच्या निमित्ताने कँटीनमध्ये तीनदा चहा झाला. हल्ली चक्करवाल्यांपेक्षा आकडेवाल्याचाच विषय जास्त निघतो, असं ताईने फोनवर छेडलंही. मग आराखडा मंजूर झाला... आणि आकडेवाला दिसेनासाच झाला.

आठवड्याने तिने त्याला कँटीनच्या कोपऱ्यात गाठलं.

"टाळताय मला?"

तो कपाकडे बघत राहिला. "तीनदा भेटलो. तिन्ही वेळा तुम्ही फक्त रुग्णांबद्दल बोललात. म्हटलं, तुमच्या मनात तसं... काही नाही."

"तीन चहा," ती शांतपणे म्हणाली. "तेवढ्यावर निकाल लावून मोकळे झालात? दिसलं नाही म्हणजे नसतंच, असं मला तरी कुणी जिन्यात शिकवलं नव्हतं."

त्याचे कान लाल झाले. "मग... किती लागतील?"

"ते तुम्ही सांगायचं. आणि गळती धरा – माझी ड्युटी कधीही लागते."

"आधी फरक केवढा आहे, ते कळायला हवं." तो खरंच हिशेब करू लागला होता. "मोठा असेल तर थोडे पुरतात."

ती समोरची खुर्ची सोडून त्याच्या शेजारी येऊन बसली. त्याच्याच कपातला एक घोट घेतला.

"मोठा आहे."

"मग फार लागणार नाहीत..."

"लागू देत," ती म्हणाली.