जोडीच्या वहीतलं शेवटचं वाक्य

तो उठला आणि मी पडले. आमची ओळख ही अशी झाली.

मे महिन्यात अमरावतीची कोणतीही शहाणी मुलगी अकोल्याला जात नाही. मी गेले, कारण बारावी तोंडावर होती, इंग्रजी कच्चं होतं, आणि शकुन मॅडमचा तीन आठवड्यांचा वर्ग मावशीच्या गल्लीतच होता. सकाळी सात ते नऊ. त्यानंतर तिथलं ऊन माणसाला बाहेर उभं राहू देत नाही.

पहिल्या दिवशी मी उशिरा पोचले. शेवटच्या बाकाच्या एका टोकाला एक उंच मुलगा होता, दुसरं टोक रिकामं. मी जाऊन बसले. तेवढ्यात मॅडमनी त्याला काहीतरी विचारलं, तो ताडकन उभा राहिला... आणि बाक माझ्या बाजूनं खाली गेला. मी फरशीवर, ओढणी बाकावर.

सगळा वर्ग हसला. तो नाही. त्यानं हात पुढे केला.

"ह्या बाकावरून दोघायनं संगंच उठा लागते."

"मंग आधी सांगाले काय झालं होतं?"

"सांगणारच होतो. पण तू बसली अन्... राहून गेलं."

त्याच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. नाव गजेंद्र.

मॅडमनी त्या दिवशी नामाच्या मागून येणारं वाक्य शिकवायला घेतलं. म्हणाल्या, "पोरींनो, भुलाबाईची गाणी झाली की खिरापत ओळखता ना? झाकलेला डबा समोर असतो. इंग्रजीत न्यूज, होप, फिअर हे असेच झाकलेले डबे. नुसतं 'द न्यूज' म्हटलं तर कुणाला काय कळणार? पुढे दॅट आलं की झाकण उघडतं. आणि क्वेश्चनच्या डब्याला व्हेदर लागतं, कारण आत काय निघेल ते अजून ठरलेलं नसतं."

मराठीत आपण उलटं करतो, असंही त्या म्हणाल्या. 'तो येणार ही बातमी.' आधी सगळं सांगून मोकळं व्हायचं, नाव मागून. इंग्रजीत नाव आधी. मला हे भयंकर आवडलं. नाव घ्यायचं, मग एक क्षण थांबायचं... समोरच्यानं वाट बघायची.

एका बाकाला एक वही. एकानं वाक्य लिहायचं, दुसऱ्यानं ती घरी न्यायची, लाल पेनानं तपासायची, दहापैकी गुण द्यायचे आणि खाली आपलं वाक्य लिहायचं. "वाक्य खरं नसलं तरी चालेल," मॅडमनी बजावलं, "बरोबर पाहिजे."

झालं. ही एवढी मुभा आम्हाला पुरेशी होती.

त्याचं पहिलं वाक्य होतं, द फॅक्ट दॅट अमरावती गर्ल्स फॉल इझिली इज वेल नोन. मी सात दिले, तीन आगाऊपणाचे कापले. खाली लिहिलं, द रूमर दॅट अकोला बॉइज कॅन थिंक हॅज नो प्रूफ.

वही परत देताना तो म्हणाला, "मी अकोल्याचा नाई वं. मी वलगावचा."

"मंग आधी सांगाले काय..."

"सांगणारच होतो."

वलगाव म्हणजे आमच्या अमरावतीला चिकटलेलंच. माझे बाबा फुलांचं दुकान चालवतात, त्यांच्याकडे शेवंती वलगावहूनच येते. हे ऐकून मला इतका आनंद का झाला, ते मी मावशीलाही सांगितलं नाही.

वर्ग सुटला की कोपऱ्यावरच्या पाणपोईपर्यंत आम्ही सोबत चालायचो. फार तर दोनशे पावलं. मी मुद्दाम बारीक टाकायची. मी बोलायची आणि तो ऐकायचा — मावशीचा खरखरणारा कूलर, माझ्या मैत्रिणी, अमरावतीचा गिलावडा. तो मात्र डब्याचं झाकण जरासंच उचलायचा. आई तो सातवीत असताना गेली. मग आत्याकडे वलगावला राहिला. वडील पोकलेन चालवतात, रस्त्यांची कामं जिथे तिथे ते. या वर्षी काम अकोल्याजवळ आलं, म्हणून बापलेक पहिल्यांदा एका खोलीत राहत होते.

"बाबाले स्वयंपाक येते?"

"खिचडी येते. रोज येते."

मी हसले. तोही हसला, पण अर्धवट.

आणि वही पुढे सरकत होती. द फीलिंग दॅट समवन इज लुकिंग अ‍ॅट मी इज नॉट अनप्लेझंट, असं मी लिहिलं — कुणीतरी आपल्याकडे बघतंय ही जाणीव काही वाईट नाही. लिहून झाल्यावर वही बंद केली आणि तिच्यावर बसले. वही परत आली तेव्हा त्यानं दहापैकी दहा दिले होते. खाली त्याचं वाक्य — द फिअर दॅट मे विल एंड. मे संपेल ही भीती.

मी? अकरावीपर्यंत वर्गात हजेरीसुद्धा हळू देणारी मी, फळ्यापाशी उभी राहून धडाधड वाक्यं करायला लागले होते. तो मागच्या बाकावरून बघायचा. माझी पाठ त्याच्याकडे असूनही मला दिसायचं.

शेवटच्या गुरुवारी वही माझ्याकडे आली. त्या दिवशी मावशीच्या गच्चीवर कुरडया घालायचं काम होतं, माझे हात चिकानं बरबटलेले. हात धुऊन-पुसून खोलीत आले आणि पान उलटलं. द क्वेश्चन व्हेदर आय शुड गो विथ माय फादर ऑर कम बॅक टू वलगाव डिपेंड्स ऑन यू.

मी बाबांसोबत जावं की वलगावला परतावं, हे तुझ्यावर आहे.

खोटं सांगणार नाही, लाल पेन आधी बाजूला ठेवला. मी दोनदा वाचलं. मग वाटलं, असं काही खरंच असतं तर पाणपोईपर्यंत चालताना बोलला नसता का? वाक्य खरं नसलं तरी चालतं. आणि व्हेदर त्याला पहिल्यांदाच जमलं होतं... मी लाल पेन उघडला. अक्षराचा एक गुण कापला. नऊ. पुढे लिहिलं, व्हेरी गुड.

शुक्रवारी त्यानं वही उघडली आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला.

"नऊच?"

"अक्षर पाह्य तुहं. मुंगळे चालल्यावानी."

"बाकी... बरोबर हाये?"

"एकदम बरोबर."

"बरं," तो म्हणाला. त्या दिवशी पाणपोईपर्यंत तो माझ्यापुढे चालला.

शनिवारी दुपारी मी अमरावतीच्या गाडीत बसायला स्टँडवर आले, तर तो तिथे. सोबत त्याचे वडील, भगवंतराव. उन्हानं काळवंडलेला, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. अमरावतीच्या गाडीत कंडक्टरकडे एक पोतं द्यायला आले होते, वलगावच्या वच्छला आत्यासाठी. पोत्यात गजेंद्रची अकरावीची पुस्तकं.

"हेच का थे दामिनी?" भगवंतराव म्हणाले. "बेटा, यानं लय नाव घेतलं तुहं. आता हा चालला माह्यासंगं ओडिशाले, नव्या कामावर. सोमवारची गाडी हाये. यानं काल सांगितलं मले, येतो म्हणे. मी तर आशाच सोडली होती." त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "चार वर्षं एकटा जेवलो साइटवर. परातीतच खायचो, हा आला तरी दोघं त्याच परातीत. काल जाऊन दोन ताटं घेतली."

ते पोतं घेऊन कंडक्टरकडे गेले. माझ्या कानात नुसतं ऊन वाजत होतं.

"तू मले सांगितलं नाई," मी म्हटलं.

"विचारलं होतं ना तुले."

"कधी?"

"वहीत." तो चपलेकडे बघत होता. "माह्याच्यानं ठरत नव्हतं. दोन्हीकडे जीव ओढे. म्हटलं, तू काय म्हणते पाहू. तू नऊ गुण दिले. मले वाटलं, मी गेलो तरी तुले चालते."

पलीकडे भगवंतराव कंडक्टरला हातवारे करून काहीतरी सांगत होते — एक बोट, मग दुसरं. बहुतेक ताटांचंच.

एक शब्द पुरला असता. 'राह्य.' तो राहिला असता, मला माहीत होतं. जूनमध्ये अमरावतीच्याच कॉलेजात आला असता, रोज. आणि त्या माणसाची दोन ताटं...

"गजेंद्र, मले नाई चालत," मी म्हटलं. "मले तू पाहिजे होता. अजूनई पाहिजे. मी थे वाक्य तपासलं, वाचलं नाई. माहं चुकलं." आवाज फाटला, पण मी थांबले नाही. "पण आता राह्य म्हणत नाई. तू जाय. बाबासंगं जेव."

त्यानं मान वर केली. डोळे भरले होते आणि कानाच्या पाळ्या लाल.

"आता सांगून राहिली?"

"हो. आताच समजलं."

"मलेई तूच..." मी वाट बघितली. कंडक्टरनं बेल दिली. "मलेई तूच पाहिजे," त्यानं पुरं केलं. "पण बाबा लय खूश हाये वं."

"दिसते."

मी चढून खिडकीशी बसले आणि गाडी हलली. तो खिडकीसोबत चार पावलं चालला, मग थांबला, कारण वडिलांनी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

मी बोरगावपर्यंत रडू धरून ठेवलं. मग नाही धरवलं. शेजारी एक म्हातारी बाई मांडीवर टरबूज घेऊन बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोनी गेलं का वं, बाई?"

"नाई. माहं एका पोरावर प्रेम हाये," मी म्हटलं. मोठ्यानं. समोरच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला, तर बघू दिलं.

म्हातारीनं जराही तोंड वाकडं केलं नाही. टरबूज पायाशी ठेवलं आणि पदर सावरून मांडीवर माझ्यासाठी जागा केली.

"मंग रड," ती म्हणाली. "मूर्तिजापूर याले टाइम हाये अजून."