लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी

वाइनरी बघायला निघालेल्या मिनीबसमध्ये एकच जागा रिकामी होती, आणि तिच्या शेजारी खिडकीला डोकं टेकून एक माणूस गाढ झोपला होता. गार्गी हळूच बसली, तरी त्याचा चष्मा नाकावरून घसरला आणि तिच्या मांडीवर येऊन पडला. तिने तो पुढे केला. त्याने डोळे न उघडताच ‘थँक यू’ म्हटलं आणि मग स्वतःशीच पुटपुटला, "आयला, पोचलो काय?"

गार्गीला हसू आवरेना. ग्रीसच्या समुद्रात, ज्वालामुखीने बनवलेल्या सँटोरिनी बेटावर कुणाच्या तोंडून ‘आयला’ ऐकू येईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली, "बस अजून जागची हललीसुद्धा नाहीये."

तो खाडकन सरळ बसला. चष्मा लावून त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले.

बस वळणं घेत चढत गेली तशा गप्पाही. त्याचं नाव कुशल. गाव फलटण. कतारमध्ये रास लफानच्या गॅस प्लांटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. ईदच्या सुट्टीसाठी पियूष नावाच्या मित्राने ही सगळी सहल ठरवली, आणि ऐनवेळी पियूषलाच ड्यूटी लागली. गार्गीही दोह्याहूनच आलेली. तिथल्या एका कान-नाक-घशाच्या क्लिनिकमध्ये ती ऑडिऑलॉजिस्ट होती, लहान मुलांचे कान तपासायची, आणि माहनूर नावाच्या नर्सबरोबर अल वक्राला फ्लॅटमध्ये राहायची. माहनूर वाइनच्या वाटेला जाणारी नव्हती, ती हॉटेलात आराम करत होती. तशी गार्गीही पिणाऱ्यातली नव्हे. पण तिच्या बाबांची दिंडोरीजवळ द्राक्षबाग होती, आणि त्यांनी फोनवर बजावलं होतं, ‘तिथले वेल म्हणे मांडवावर चढत नाहीत, जमिनीवर बसतात. बघून ये.’

आणि खरंच बसले होते. राखाडी, भुसभुशीत, राखेच्या मातीत प्रत्येक वेल स्वतःभोवती गोल गोल गुंडाळला होता, एखाद्या मोठ्या पक्ष्याच्या घरट्यासारखा. हिरवे, कच्चे घड त्या घरट्याच्या आत लपलेले. वाटाड्या बाई, एलेनी तिचं नाव, सांगत होती, की इथला वारा इतका दांडगा, की उभा वेल तो टिकूच देत नाही; आणि पाऊस जवळजवळ नाहीच, समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर हे वेल जगतात. गार्गीने खाली बसून एक पान बोटांत धरलं. वाऱ्याने तिची ओढणी उडाली, थेट कुशलच्या तोंडावर गेली. त्याने ती सोडवली... जरा जास्तच वेळ लावून.

मग दगडी ओसरीवर लांबलचक टेबल, खाली निळा समुद्र आणि प्रत्येकापुढे ग्लास. एलेनी विचारायची, कसला वास येतो. कुणी म्हणालं लिंबू, कुणी मीठ, कुणी ओला दगड. कुशलची पाळी आली. तो म्हणाला, मँगो. एलेनी सभ्यपणे हसली. दुसरी वाइन आली. कुशल पुन्हा म्हणाला, मँगो.

गार्गीने त्याच्याकडे पाहिलं. तो ग्लासात पाहत होता.

"मला वास येत नाही," तो हळूच म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात ताप आला, तेव्हा गेला तो गेलाच. प्लांटवर अडत नाही, गॅस शोधायला छातीवर मशीन लावलेलं असतं. बाकी कुणाला सांगितलं नाहीये."

"मग आंबाच का?"

"तेवढा एकच नीट आठवतो."

गार्गीने त्याचा ग्लास स्वतःकडे ओढला, नाकाशी धरला, डोळे मिटले. "पाटीवर ओलं फडकं फिरवल्यावर येतो ना... तसा," ती म्हणाली. "आणि मागून लिंबाचं पान चुरगळल्यासारखा."

कुशलनेही डोळे मिटले.

शेवटी आली ती गोड वाइन, मधाच्या रंगाची. द्राक्षं उन्हात वाळवून करतात ती. गार्गीने खूप वेळ विचार केला. मग म्हणाली, "दिवाळी संपल्यावर लाडवाच्या डब्याच्या तळाशी तूप लागलेले बेदाणे राहतात बघा. डबा उघडला की येतो, तो वास." कुशल मिटल्या डोळ्यांनी नुसता बसून राहिला, आणि वाऱ्यात त्याच्या पापण्या थरथरत होत्या. गार्गीला वाटलं, आपण हे असं पाहत बसणं बरं नव्हे. तरी ती पाहत राहिली.

कतारला परतल्यावर आठवडाभर कुशलचा फोन आला नाही. दोह्याचा उन्हाळा अंगाला चिकटत होता, चष्म्याच्या काचा दाराबाहेर पडताच धुकट होत होत्या. गार्गीने स्वतःला समजावलं, की बेटावरच्या गोष्टी बेटावरच राहतात. मग तीच एक दिवस क्लिनिकमधल्या नाकाच्या डॉक्टरांकडे गेली, आणि संध्याकाळी तिने कुशलला फोन केला. वास परत आणण्याचा व्यायाम असतो, तिने सांगितलं. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. चार छोट्या बाटल्यांतून चार तेलं, रोज हुंगायची. मात्र, इथे ती जरा घाईत बोलली, मधूनमधून समोर कुणीतरी बसून वासाचं वर्णन करायला हवं. त्याशिवाय मेंदूला आठवत नाही.

"मग तुम्ही कराल?" कुशलने विचारलं.

"बघते," गार्गी म्हणाली, "वेळ मिळाला तर."

वेळ मिळत गेला. तो राहायचा उत्तरेला अल खोरमध्ये, ती दक्षिणेला. त्याच्या शिफ्टचं रोस्टर आलं, की तो तिला पाठवायचा आणि ती त्यात आपल्या सुट्ट्या शोधायची. कधी तो वक्राच्या सूकपर्यंत, तिथल्या जुन्या बाजारापर्यंत, गाडी हाणत यायचा, कधी ती मधल्या समैस्म्याच्या किनाऱ्यावर जायची. वाळूवर चटई, चटईवर चार बाटल्या. तो डोळे मिटून हुंगायचा आणि ती सांगायची. लवंग म्हणजे दाढ दुखते तेव्हा आई गालाशी बसते ती रात्र. निलगिरी म्हणजे सर्दीतली वाफ, डोक्यावर पंचा. गुलाब म्हणजे लग्नाच्या दारात कुणीतरी मनगटाला अत्तर लावतं, तो क्षण... इथे ती थांबायची. तोही डोळे उघडायचा नाही.

एकदा तिने बाटली त्याच्या हाती दिली, आणि बोटं बोटांवर तशीच राहिली. समुद्र त्या दिवशी इतका शांत होता, की त्याला लाटा आहेत की नाहीत, हेही कळत नव्हतं. त्या संध्याकाळी परत निघताना तो म्हणाला, "नीट जा. पोचलीस की कळव." ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, त्याचं त्याला कळलंही नसावं. गार्गीला मात्र वक्रा येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

सप्टेंबरमध्ये पुण्याच्या एका हॉस्पिटलने तिला बोलावलं. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी नवा विभाग सुरू होणार होता आणि तो तिने उभा करावा, अशी त्यांची इच्छा होती. असं काम मिळावं म्हणून तर ती इतकी वर्षं शिकली होती. जानेवारीत रुजू व्हायचं होतं. गार्गीने त्यांना लिहिलं, की मार्चपर्यंत मुदत द्या. कारण विचारलं, तेव्हा म्हणाली, एका पेशंटचे उपचार अर्धे राहिलेत. कुशललाही तिने तेच सांगितलं. तो अरबीतलं थँक यू, ‘शुक्रन’, म्हणून कसनुसा हसला.

डिसेंबरची थंडी पडली. वक्राच्या सूकमध्ये समुद्राकडे तोंड करून दोघं कडक चहाची वाट पाहत बसले होते. चहावाला गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतला होता. कुशल तिला प्लांटवरची काहीतरी गंमत सांगत होता, आणि सांगता सांगता सहज म्हणाला, "दूध लागलं बघ त्याचं."

चहावाल्याने ते अजून पाहिलं नव्हतं. मागे वळून त्याने धावत पातेलं उतरवलं, तेव्हा कुठे करपट वास गार्गीपर्यंत आला.

कुशलचं वाक्य अर्ध्यावरच थांबलं होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"गार्गी, ऐक..."

"कधीपासून येतोय वास?"

"नवरात्रापासून. आधी लवंग आली. मग सगळंच, हळूहळू."

ती उठली. तिने आवाज चढवला नाही, चहावाल्याला नको म्हणून हात केला आणि दगडी गल्लीतून सरळ चालू लागली. नवरात्रापासून. म्हणजे इतके दिवस ती गुलाबाचं, निलगिरीचं वर्णन करत होती, मनातलं काय काय उघडं करत होती, आणि हा ऐकून घेत होता. त्याच्यासाठी तिने पुण्याला मुदत मागितली होती. तिला इतकं वेडगळ वाटलं, की समोरचे दिवे अंधुक झाले.

मग फोन येत राहिले. तिने घेतले नाहीत. एकदा मेसेज आला, ‘मी वाईट माणूस नाही, भित्रा आहे.’ तिने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि फोन उशीखाली ठेवला.

अखेर माहनूरनेच तोंड उघडलं. शुक्रवारची दुपार होती, माहनूर केसांना तेल लावत बसली होती आणि गार्गी तिसऱ्यांदा तीच कहाणी सांगत होती. माहनूरने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साधेपणाने विचारलं, "एक बात बताओ. हमारे डॉक्टर साहब तो सबको बोतलें देकर घर भेज देते हैं. यह सामने बैठकर बताने वाली बात उन्होंने तुम्हें कब बताई?"

डॉक्टरांनी तसं कधी सांगितलंच नव्हतं.

गार्गीने कुशलला एवढंच कळवलं, की पुढच्या शुक्रवारी सकाळी समैस्म्याला ये.

त्या सकाळी धुकं उतरलं होतं. जानेवारीत कतारमध्ये कधी कधी उतरतं तसं, दाट आणि दुधाळ. रस्त्याकडेचे व्हिला नाहीसे झालेले, समुद्र कुठे सुरू होतो ते पायाला पाणी लागल्यावरच कळावं असं. ओहोटी होती. घोट्याएवढ्या पाण्यात दूरवर एक आकृती उभी होती, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. रात्रपाळी संपवून तो तसाच आला होता. डोळे तांबारले होते.

गार्गी चपला हातात घेऊन त्याच्यापर्यंत चालत गेली. पाणी गार होतं. तो बोलायला लागला, पण तिने त्याला थांबवलं. तिला आधी बोलायचं होतं, नाहीतर धीर सुटला असता.

"तो व्यायाम घरी एकट्याने करायचा असतो," ती म्हणाली. "समोर कुणी बसावं लागत नाही. ते मी मनानेच सांगितलं होतं."

कुशल तिच्याकडे वळला.

"कधी?"

"पहिल्याच फोनवर. म्हणजे तुझ्या कितीतरी आधी मी खोटं बोलले."

धुक्यात कुठेतरी एक समुद्रपक्षी ओरडला. कुशलला हसू आलं, ओठांच्या एका कोपऱ्यातून, आणि ते थांबेचना.

"वास आला त्या दिवशी मी घराच्या पायऱ्यांवर बसून रडलो," तो म्हणाला. "आणि दुसऱ्याच मिनिटाला घाबरलो. वाटलं, आता तू म्हणशील, झालं, बरा झालास, खलास... आणि पुण्याला जाशील."

"जाणारच आहे."

"माहितेय. तू गेलंच पाहिजेस. ती मुलं तुझी वाट बघतायत. हवं तर सोडायला रजा काढून मीही येतो." तो थांबला. पाण्याकडे पाहत म्हणाला, "माझं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपतंय. ते पुढे वाढवावं की पुण्यात काही बघावं, हे एकट्याने ठरवायची माझी इच्छा नाहीये. मला तू हवी आहेस, गार्गी. वर्णन करायला नाही. नुसती... समोर बसायला."

गार्गीने चपला एका हातात घेतल्या आणि दुसरा हात त्याच्या हातात दिला. त्याचा हात रात्रभराच्या ड्यूटीने खरखरीत झाला होता, आणि उबदार होता. दोघं तसेच उभे राहिले. पायाखालची वाळू थोडी थोडी सरकत होती.

धुकं जरा विरळ झालं, तेव्हा तिने फोन काढला. दिंडोरीला तेव्हा सकाळचे चहा उरकले असणार. पलीकडून आईचा आवाज आला, असा अवेळी फोन म्हणून जरा घाबरलेला.

"काही नाही गं, सगळं ठीक आहे," गार्गी म्हणाली. "मार्चमध्ये येतेय मी. हो, नक्की. कायमची."

कुशल दुसरीकडे पाहत होता, पण त्याने तिचा हात सोडला नव्हता.

"आणि आई," गार्गी म्हणाली, "एकटी नाही येत."

पलीकडून आईने कुठेतरी लांब, बागेच्या दिशेने, बाबांना हाक मारल्याचं ऐकू आलं.